विषय: गोडोलीचं घर, नवखे पाहुणे आणि दोन पानी नियमावली

प्रेषक: साताऱ्याची, ग्लेन वेव्हर्ली

नमस्कार मेलबर्नकर मंडळी,

गोडोलीतलं आईबाबांचं घर आम्ही अ‍ॅपवरून दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने देतो. झाडलोट, चादरी, किल्ली सगळं मावशी बघतात. येणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, आणि असं घर घेण्याची त्यांची पहिलीच वेळ. माणसं चांगली असतात हो, मावशींना आग्रहाने चहा पाजतात. ती गेली की मावशींचा फोन येतो: पांढऱ्या टॉवेलने बूट पुसलेत, सिंक भाताच्या शितांनी तुंबलंय, डायपर ओल्या कचऱ्यात. आता ऑगस्टअखेर कासची फुलं सुरू होतील, म्हणजे लाल चिखल घरात. दोन पानी नियमावली दाराला लावावी आणि खाली दंडाचे आकडे टाकावेत असं म्हणते. कुणाकडे मसुदा आहे का?

---

प्रेषक: वाईचा, पॉइंट कुक

ताई, मसुदा आहे, पण पाठवत नाही. दोन पानं कुणी वाचत नाही. वाचलीच, तर पाहुणा दारातच रुसतो.

नवख्या माणसाला दोनच गोष्टी ठाऊक असतात, लॉज आणि मामाचं घर. लॉजवर सगळं टाकून निघायचं असतं आणि मामाकडे मामी ताटसुद्धा उचलू देत नाही. आपलं घर दोन्हींत बसत नाही, हे त्याला कळणार कुठून? ‘स्वच्छता राखा’ ही पाटी तर एसटी स्टँडवरही असते, तिथलं चित्र आपण पाहतोच. त्यापेक्षा नेमकं काम सांगा: खरकटं हिरव्या डब्यात, डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात, भांडी घासू नका पण पाणी घालून ठेवा. काय करायची गरज नाही तेही सांगा, माणूस निवांत होतो.

चिखलाला नियम लागत नाही, नळ लागतो. पायरीशी नळ, बादली, खरखरीत पायपुसणं आणि ‘बुटांसाठी’ असं लिहिलेले दोन जुने गडद टॉवेल ठेवा. समोर दुसरं काही नसलं की माणूस पांढऱ्यालाच हात घालणार. आणि मावशींना सांगा, त्या डागांवर ब्लीच नको. जांभ्याच्या मातीचा लाल रंग लोहाचा असतो. ब्लीचने तो निघत नाही, उलट बसतो. चिखल वाळू द्यायचा, ब्रशने झटकायचा, मग गार पाण्यात धुवायचं. उरलेल्या डागाला लिंबू. हळदीचं वेगळं. साबण लागला की ती लाल होते आणि मावशी घाबरतात, पण कडक उन्हात फिकी पडते. पावसाळ्यात ऊन कुठलं म्हणा, म्हणून जेवणाच्या टेबलाजवळ पांढरं कापडच ठेवू नका.

दंडाचं म्हणाल, तर बुकिंगच्या वेळी न सांगितलेला दंड निघताना मागितला की भांडण ठरलेलं. एअरबीएनबीवर असाल तर क्लीनिंग फी ही नेहमीच्या साफसफाईपुरती, असं तेच सांगतात. बुरशी धरलेली भांडी किंवा खराब झालेला गालिचा हे त्याच्या बाहेरचं. नुकसान मागायचं तर पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत, फोटोंसकट. म्हणून मावशींनी पाहुणा येण्याआधीही फोटो काढायला हवेत, नाहीतर डाग कुणाचा हे कसं ठरणार? आणि फी घेऊन वर चादरी काढून मशीनला लावायला सांगणारे घरमालक मला पटत नाहीत. एक काहीतरी करा.

---

प्रेषक: कराडची, टार्नेट

दादांचं सगळं बरोबर, पण हे सांगणार कोण? पुण्याच्या मॅडमना ‘बूट बाहेर काढा’ म्हणायला मावशींची जीभ रेटत नाही. आमच्याकडे तेच झालं. बाई सगळं बघत उभ्या राहायच्या आणि मग आम्हाला फोन करायच्या. दुपारी दोनचं चेक-इन म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, आपण तेव्हा ट्रेनमध्ये. म्हणून मी माझ्या आवाजात एक मिनिटाचा व्हिडिओ केला: दार, चपलांची जागा, डबे, गीझर. तो आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर जातो. मावशींनी फक्त ‘ताईंनी पाठवलाय तो बघितला का?’ एवढंच विचारायचं. वाईटपणा आपल्याकडे, मावशी मोकळ्या.

आणि फुलांच्या दिवसांत एका बुकिंगनंतर लगेच दुसरं घेऊ नका. चादरी वाळत नाहीत, कुबट वास येतो, आणि मग पाहुणाच आपल्याला स्वच्छता शिकवतो. एक दिवस मोकळा सोडा आणि चिखलाच्या महिन्यात मावशींना जास्त पैसे द्या.

---

प्रेषक: साताऱ्याची, ग्लेन वेव्हर्ली

दोघांचेही आभार. नियमावली रद्द. भावाने नळासाठी प्लंबर सांगितलाय. पाहुण्यांना आदल्या दिवशी हे जाईल, बघा कसं वाटतंय:

‘नमस्कार, उद्या वाट बघतोय. कासहून आलात की पायरीशी नळ आहे, बुटांसाठी काळे टॉवेल तिथेच आहेत. खरकटं हिरव्या डब्यात टाका, भांड्यांत पाणी घाला, घासायची मावशी बघतील. काही सांडलं, फुटलं तर लगेच कळवा, रागावणार नाही. मटण जरूर करा, फक्त एक्झॉस्ट चालू ठेवा.’

मटणाच्या ओळीवर आई अजून कुरकुरतेय. तिच्याशी मी बोलते.