'उपयोगिता' की 'वापरसुलभता'?

प्रश्न: सॉफ्टवेअर तपासण्याच्या निकषांचा तक्ता मराठीत करतो आहे. युजेबिलिटीला, म्हणजे सॉफ्टवेअर वापरायला किती सोयीचं आहे या निकषाला, कुणी 'उपयोगिता' म्हणतं, कुणी 'वापरसुलभता'. योग्य कोणता? आणि इफेक्टिव्हनेस, एफिशियन्सी या दोन्हींना 'कार्यक्षमता' चालेल का?

उत्तर: 'उपयोगिता' युटिलिटीसाठी राखून ठेवा. प्रणालीतून हवा तो अहवाल निघतो, म्हणजे ती उपयोगी आहे. पण तो काढताना माणूस मेटाकुटीला येत असेल, तर तिला वापरसुलभ कसं म्हणायचं? युजेबिलिटीचे अभ्यासक जेकब नीलसन यांच्या १९९३ च्या मांडणीतही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

दोन्हींना 'कार्यक्षमता' तर मुळीच नको. युजेबिलिटीची व्याख्या करणाऱ्या आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकात परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान असे तीन निकष आहेत. काम पुरतं आणि अचूक झालं का, ही परिणामकारकता. त्यासाठी वेळ आणि श्रम किती लागले, ही कार्यक्षमता. समजा, अर्ज सगळ्यांनी बिनचूक भरला, पण प्रत्येकाचा अर्धा तास गेला. पहिला निकष उत्तम, दुसरा वाईट. दोन्हींना एकच शब्द दिलात तर नेमका हा दोष अहवालात मांडताच येणार नाही.

आणखी एक उत्तर: 'वापरसुलभता' मलाही मान्य आहे, पण 'सुलभ' म्हटलं की नवशिक्याची सोय एवढाच अर्थ डोक्यात येतो. ती शिकण्यातली सुलभता झाली, नीलसन यांच्या पाच निकषांपैकी फक्त एक. उरलेले चार: कार्यक्षमता, काही काळाने परतल्यावर रीत आठवणं, चुकांचं प्रमाण आणि समाधान. दिवसभर नोंदी करणाऱ्याला पायरीपायरीने हात धरून नेणारा पडदा जाचक वाटतो, त्याला कीबोर्डचे शॉर्टकट हवेत. म्हणून तक्त्यात 'कोणासाठी, कोणत्या कामासाठी, कोणत्या परिस्थितीत' हे रकाने घालाच; मानकाच्या व्याख्येतच ते आहे. ॲक्सेसिबिलिटीला, म्हणजे अपंग व्यक्तींनाही वापरता येण्याला, मात्र 'सुगम्यता' म्हणा, नाहीतर दोन्हीकडे 'सुलभता' येऊन घोळ होईल.

प्रश्न: पटलं. समाधान मोजायला एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही प्रश्नावली वापरतो आहे. तिच्या निकालाला 'टक्के' लिहू का?

उत्तर: नको, 'गुण' लिहा. जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेल्या या प्रश्नावलीत १० विधानं आहेत. प्रत्येक उत्तराचे ० ते ४ गुण धरून त्यांची बेरीज २.५ ने गुणतात आणि ० ते १०० मध्ये आणतात, एवढंच. सरासरी साधारण ६८ धरतात. '६८ टक्के' वाचणाऱ्याला वाटेल, ६८ टक्के लोकांना सॉफ्टवेअर जमलं.