मदत हवी आहे: माहिती अधिकारात ग्रामपंचायतीचे कागद मिळाले, आता गावात पुढे कसं जायचं?

नमस्कार मंडळी,

लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आमच्या ग्रामपंचायतीने गेल्या काही वर्षांत केलेल्या कामांचे कागद आम्ही माहिती अधिकारात मागितले होते. आधी टोलवाटोलवी झाली. मग पंचायत समितीत प्रथम अपील केलं, सुनावणी झाली आणि गठ्ठा हातात आला. अंदाजपत्रकं, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, बिलं, नमुना ५ ची रोकडवही. आता गठ्ठा मास्तरांच्या कपाटात आहे आणि त्याचं करायचं काय, यावरून आमच्यातच वाद चाललाय.

आम्ही म्हणजे बचत गटातल्या काही बायका, कॉलेज संपवून गावात परतलेली दोन-तीन मुलं आणि एक निवृत्त मास्तर. संस्था नाही, नोंदणी नाही. घरं वेगवेगळ्या पक्षांची आहेत, पण ते दाराबाहेर ठेवायचं असं ठरलंय. सध्या तरी ठेवलंय.

कागदांत दिसतं ते असं. वस्तीतला काँक्रीटचा रस्ता कागदावर थेट ओढ्यापर्यंत जातो, प्रत्यक्षात शाळेच्या वळणावर संपतो. एका गटाराचं बिल दोन वर्षांत दोन वेगळ्या निधींतून निघालंय, दुसऱ्यांदा 'दुरुस्ती' म्हणून. पथदिव्यांचा आकडाही जुळत नाही, पण काही दिवे मागच्या वादळात पडले, त्यामुळे त्याबद्दल छातीठोक बोलता येत नाही.

मुलांचं म्हणणं, सरळ पत्रकाराला द्या. मास्तर म्हणतात, गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेत तक्रार टाका, चौकशी लागू दे. बायकांचं म्हणणं, आधी ग्रामसभेत विचारू.

आणि खरी अडचण पुढे आहे. सरपंच आमच्यातलीच बाई आहे. महिला राखीव जागेवर निवडून आली, त्याआधी आमच्याच बचत गटात होती, नात्याने माझी जाऊ लागते. कारभार कोण बघतं ते सगळ्या गावाला माहीत आहे. तिच्या डिजिटल सहीचा डोंगल (संगणकाला लावायची ती छोटी किल्ली, जिच्यावाचून पेमेंट होत नाही) तिच्याकडे नसतोच. पण प्रत्येक पेमेंटवर सही तिचीच. तक्रार केली की पहिली ती अडकणार, आणि ज्यांनी पैसे खाल्ले असतील ते 'आम्हाला काय माहीत' म्हणून मोकळे. हे मला पटत नाही. तशी ती निर्दोष आहे असंही मी म्हणू शकत नाही.

वर गावात कुजबुज सुरू झालीच आहे: 'माहिती अधिकारवाले म्हणजे सेटलमेंटवाले.' आमच्यातल्या एकाच्या भावाचा घरकुलाचा हप्ता नेमका आत्ताच अडकला. योगायोग असेलही.

ज्यांनी असं काही गावात, वॉर्डात, कुठेही केलंय त्यांनी सांगा: आधी कुठे जायचं? गट फुटू नये म्हणून काय करता? आणि सरपंच बाईचं काय करू?

— ओढ्याकाठची

प्रतिसाद: खतावणी

हिशेब तपासण्यात नोकरी गेली, म्हणून सांगतो. कुठे जायचं ते नंतर ठरवा. आधी गठ्ठ्याची नीट छाननी करा.

रस्ता अर्धा आहे याचा अर्थ पैसे खाल्ले असा लगेच होत नाही. काम मंजूर झाल्यावर जागेच्या वादामुळे लांबी कमी होते आणि सुधारित अंदाजपत्रक होतं. ते तुमच्या गठ्ठ्यात आहे का? नसेल तर मागा. खरा प्रश्न अंदाजपत्रकात किती मीटर होता हा नाही. मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, किती नोंदवला आणि बिल कितीचं निघालं ते बघा. एमबीत लांबी, रुंदी, जाडी वेगवेगळी लिहिलेली असते. टेप घेऊन चार लोकांसमक्ष मोजा, कागदावर सह्या घ्या, फोटो काढा. जाडी तुम्हाला मोजता येणार नाही, तिकडे जाऊ नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मधल्या व्याख्येत कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणंही येतं, हे फार कमी लोक वापरतात.

दुसरं, स्थानिक निधी लेखापरीक्षेचा अहवाल मागितलात का? बऱ्याचदा जे तुम्ही शोधताय त्यावर लेखापरीक्षकाने आधीच आक्षेप घेतलेला असतो आणि तो अनुपालनाविना, म्हणजे ग्रामपंचायतीने काही उत्तर-दुरुस्ती न करता, पडून असतो. तुमचा संशय आणि सरकारी आक्षेप यांत वजनाचा मोठा फरक पडतो.

दर वेळी अर्ज करायचीही गरज नाही. २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हास्तरीय आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघायला मिळतात. शिवाय ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा आणि झालेली पेमेंट्स दिसतात, ती रोकडवहीशी ताडून पाहा.

गटाराचं प्रकरण मला रस्त्यापेक्षा पक्कं वाटतं. दिवे सोडून द्या. एक कच्चा मुद्दा घुसला की समोरचा त्याच्यावरच बोलत राहतो.

प्रतिसाद: रानपाखरू

ग्रामसभा म्हणणाऱ्या बायकांच्या बाजूने माझं मत.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराणा गावात पहिली जनसुनावणी घेतली, तेव्हा माहिती अधिकाराचा कायदाच नव्हता. कसेबसे मिळवलेले हजेरीपट आणि बिलं लोकांसमोर मोठ्याने वाचली. ज्याचं नाव मजूर म्हणून लागलंय तोच समोर बसलेला, तो उठून सांगतो की मी त्या कामावर गेलोच नाही. मग वकील, साक्षीदार, पंचनामा कशाचीच गरज उरत नाही. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा तिथली. पुढे १९९६ मध्ये तिथल्याच ब्यावर शहरात माहितीच्या हक्कासाठी ४० दिवसांचं धरणं झालं आणि २००५ चा केंद्राचा कायदा यायला अजून ९ वर्षं गेली. म्हणजे वाचन आधी, कायदा नंतर.

पत्रकाराला आत्ता देऊ नका. बातमी एक दिवस चालते, गावात मात्र 'यांनी गावाची बदनामी केली' हे कायम राहतं. आणि एकदा गाव विरुद्ध तुम्ही असं चित्र झालं की रस्ता बाजूलाच पडतो.

गट फुटण्याबद्दल: गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. त्यांच्या अभ्यास गटाबद्दल कुणी बोलत नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. पण त्याआधी विषय समजून घ्यायला वेगळी बैठक, जिथे निर्णय घ्यायचाच नाही. तुमची भांडणं होतायत कारण कागद समजून घेणं आणि 'पुढे काय' ठरवणं एकाच बैठकीत चाललंय. वेगळं करून बघा.

प्रतिसाद: तिरपागडा

वरचं सगळं छान, पण ग्रामसभा पाहिली आहे का कुणी अलीकडे? कायद्याने गणपूर्ती (कोरम) एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, जे कमी असेल ते. ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या गोळा करतो आणि ठराव सावकाश लिहिला जातो. तुम्ही घसा फोडून बोलाल आणि इतिवृत्तात 'चर्चा झाली व सभा खेळीमेळीत संपली' असं येईल.

म्हणून जायचंच असेल तर विषय आधी लेखी द्या, पोच घ्या. शंभर माणसं स्वतः आणा, कारण ती आली की तहकुबीचं निमित्त संपलं. ठराव तिथेच लिहायला लावा, वाचून दाखवायला लावा, मगच उठा. दुसऱ्या दिवशी इतिवृत्ताच्या नकलेचा अर्ज. आणि जमावाने आलात तरी एकाने बोला. सगळे एकदम ओरडले की ग्रामसेवकाचं काम सोपं होतं.

(हो, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. पाटी बदलली.)

प्रतिसाद: माजी सरपंच, एक

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नासाठी लॉगिन केलं.

मी राखीव जागेवरच निवडून आले होते. पहिलं वर्षभर माझ्या सहीचा डोंगल ऑपरेटरकडे होता आणि ओटीपी माझ्या मालकांच्या मोबाईलवर जायचा. मला कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. 'तू कशाला त्रास घेतेस, आम्ही बघतो' असं प्रेमानेच म्हणतात हो! मला त्यात गैर काही वाटलंही नव्हतं. लेखापरीक्षणात वसुली सुचवली गेली तेव्हा नाव मात्र माझं आणि ग्रामसेवकाचं. मालकांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

तुमच्या जावेला ग्रामसभेत पहिल्यांदा हे कागद दिसता कामा नयेत. आधी तिच्या घरी जा, पण घरात बोलू नका. शेतात, विहिरीवर, कुठेही जिथे ती एकटी असेल. रोकडवहीची पानं तिच्यापुढे ठेवा आणि विचारा, ही सही कशाची ते तुला माहीत होतं का? तिला धमकी वाटेल असं काही बोलू नका. एवढंच सांगा की वसुली लागली तर ती तुझ्या नावावर लागेल. हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नसणार, मी पैजेवर सांगते.

त्यानंतर तिच्यापुढे दोन वाटा राहतात. ती ग्रामसभेत स्वतः उठून म्हणू शकते की या कामांची फेरमोजणी करा. अध्यक्षपदावरून सरपंचानेच मागणी केली तर ठराव अडवायची कुणाची टाप नाही. किंवा ती घरी जाऊन सांगेल आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात भांडण येईल. दुसरं झालं तर तुमचं काय बुडालं? कागद तुमच्याकडे आहेतच. पण तुम्ही तिला संधी दिली होती, हे बायकांना कळतं आणि पुढच्या सभेला त्या तुमच्या बाजूला बसतात.

ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते, बहुतेक गावांत ती कागदावर होते. तुम्ही ती खरी घ्या. तिथे पुरुष नसतात, सरपंच मोकळेपणी बोलू शकते. डोंगल परत घेण्याचा विषय तिथूनच काढा. पुढची सगळी बिलं त्या एका गोष्टीवर अवलंबून आहेत, जुन्या रस्त्यापेक्षा मला ते मोठं वाटतं.

प्रतिसाद: काळा कोट

मास्तरांची तक्रार रद्द करू नका, फक्त उशिरा टाका. सरपंचाविरुद्ध ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ खाली जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची चौकशी आणि मग विभागीय आयुक्तांचा निर्णय, हा रस्ता आहेच. पण तो पदावरून काढण्याचा रस्ता आहे. माजी सरपंच ताईंनी लिहिलंय तसं असेल तर तो चुकीच्या माणसावर चालेल. ग्रामसभेच्या ठरावासह फेरमोजणीची मागणी केलीत तर चौकशी कामाची होते.

आता सुरक्षिततेबद्दल, कारण कुणी लिहिलं नाही. तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार बाहेर काढत होते, जानेवारी २०१० मध्ये त्यांचा खून झाला. जागल्यांच्या (गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, व्हिसलब्लोअर) संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ साली केला, पण तो अजून अंमलात आणलेला नाही. घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. तुमचा रस्ता छोटा असला तरी ठेकेदार एकटाच असेल असं धरून चालू नका.

कागदांच्या प्रती किमान चार घरांत आणि एक गावाबाहेर. पुढचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी, शक्यतो बायकांच्याही. ठेकेदार 'बसून बोलू' म्हणाला तर एकट्याने जाऊ नका, चहाही पिऊ नका. सेटलमेंटची कुजबुज आहे ना, तिला तोच एक फोटो पुरतो. आणि घरकुलाच्या हप्त्याबद्दल लगेच लेखी अर्ज देऊन कारण विचारा. योगायोग असेल तर कळेल, नसेल तर नोंद राहील.

ओढ्याकाठची (धागाकर्ती):

सगळ्यांचे आभार. काल रात्री हे सगळं बैठकीत वाचून दाखवलं.

दिवे सोडले. मुलं नाराज आहेत पण पत्रकाराचा विषय ग्रामसभेपर्यंत थांबवायला तयार झालीत. रस्ता मोजायला जाणार आहोत, उघडपणे, दिवसाढवळ्या. लेखापरीक्षा अहवालाचा अर्ज मास्तरांच्या नावाने आणि दोन अर्ज बायकांच्या नावाने टाकतोय. घरकुलाचा लेखी अर्ज आजच दिला.

माजी सरपंच ताई, तुमचा प्रतिसाद मी बैठकीत वाचला नाही. मुलांना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. जावेला मी एकटीच भेटणार आहे. ती पुढे येईल याची मला तुमच्याइतकी खात्री नाही. तिच्या मुलीचं लग्न ठरतंय आणि सोयरीक ठेकेदाराच्याच भावकीत आहे. तरी भेटणार.

तिरपागडा, शंभर माणसं जमवणं अवघड नाही, ऊसतोडीला गेलेली मंडळी परत यायच्या आत सभा लावली नाही म्हणजे झालं. तारीख त्यांच्या हातात आहे, हीच गोम आहे.

एक मदत अजून हवी आहे. एमबीची पानं आमच्यापैकी कुणालाच नीट वाचता येत नाहीत. एक पान तर खाडाखोडीने भरलंय आणि लांबीच्या रकान्यात दोन आकडे दिसतात. स्थापत्य अभियंता असलेलं कुणी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फोटो पाठवते. गावाचं आणि ठेकेदाराचं नाव झाकून पाठवेन.