शहरातला वेग कमी म्हणून धोका कमी नाही
शहरात वेग तिशी-चाळिशीतच असतो, तेव्हा मोबाईलकडे क्षणभर बघितलं तर बिघडत नाही, हे मत इथे कुणी मांडलंय, ते अजिबात पटलं नाही. ताशी 40 किमीला गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. दोन सेकंद नजर खाली गेली की 22 मीटर न बघता कापले. कोल्हापुरात कावळा नाक्यावर तेवढ्यात पुढची केएमटी (सिटी बस) थांबलेली असते.

एक मुद्दा इथे राहिलाय. हायवेला बराच वेळ 90-100 ने आलं की नजर त्या वेगाला सरावते. तावडे हॉटेलपाशी हायवे सोडून शहरात वळल्यावर 60 सुद्धा रांगल्यासारखे वाटतात आणि ब्रेक उशिरा लागतो. तिथे अंदाजावर जाऊ नका, काटा बघा आणि तिसऱ्या गिअरमध्ये या. ॲक्सिलरेटर सोडताच गाडी आवरते. क्लचवर पाय ठेवून मात्र चालवू नका, प्लेट झिजते.

हंगामात तर उसाच्या ट्रॉल्या! बाहेर आलेल्या उसाने मागचे रिफ्लेक्टर झाकले जातात. पुढची ट्रॉली एखाद्या खांबापासून पुढे गेली की ‘एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन’ म्हणा, म्हणजे साधारण तीन सेकंद होतात. ते म्हणून होण्याआधी तुम्ही खांबाशी पोचलात तर अंतर कमी आहे. रात्री ते आणखी वाढवा.