पेनसिल्व्हेनियाला कीस्टोन स्टेट का म्हणतात? नुसतं नकाशात मधे आहे म्हणून?

भटकी_मांजर:
दोन महिन्यांपूर्वी पिट्सबर्गला शिफ्ट झालो. इथे रस्त्याच्या पाट्यांपासून हाइन्झ केचपच्या लेबलपर्यंत जिकडेतिकडे कीस्टोनचा आकार, म्हणजे कमानीत वर मधोमध बसवतात तो दगड. ऑफिसातला एक जण म्हणाला १३ वसाहतींत हे मधलं राज्य, वर सहा खाली सहा, बास. पण वॉशिंग्टन, जेफरसन, मॅडिसन सगळे व्हर्जिनियाचे, मग देश उभा करण्यात यांचं काय?

फिलीकर_काका:
नवरदेव व्हर्जिनियाचे, मांडव आमचा असं समज 😀 १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि १७८७ ची राज्यघटना, दोन्ही फिलाडेल्फियात एकाच इमारतीत. देशाच्या संस्थापकांतला बेंजामिन फ्रँकलिन आमचा म्हणून मिरवतो पण तोही बॉस्टनहून १७ व्या वर्षी पळून आलेला. १७९० ते १८०० राजधानीही इथेच होती.

वरणभात७८:
मग गेली कशी?

फिलीकर_काका:
१० वर्षांचीच बोली होती, पण खरी माती १७८३ ला झाली. पगार थकलेल्या सैनिकांनी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, इमारतीला वेढा घातला, राज्य सरकारने मिलिशिया (राज्याची नागरी फौज) बोलवायला नकार दिला आणि काँग्रेस प्रिन्स्टनला पळाली. म्हणून पुढे राजधानीचा जिल्हा कुठल्याच राज्याच्या ताब्यात नको असं ठरलं.

वरणभात७८:
भारी. अजून एक, इथे १७८० लाच गुलामगिरी हळूहळू बंद करायचा कायदा झाला होता, बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने राहिला की स्वातंत्र्य मागू शकायचा. तर राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन फिलाडेल्फियात असताना मुदत भरायच्या आत आपल्या गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणायचे. हे शाळेच्या ट्रिपमधे सांगतात का माहीत नाही.

लोखंडे_पिट्स:
सगळे फिलीवरच अडकलेत, आमच्या बाजूचं कोण बोलणार? १८५९ ला टायटसविलला ड्रेकने तेलाची विहीर खोदली, अमेरिकेचा तेलधंदा तिथून सुरू झाला. कोळसा खाली, नद्या बाजूला, म्हणून पोलादवाल्या कार्नेगीने १८७५ ला ब्रॅडॉकला एडगर थॉमसन कारखाना काढला, रेल्वेचे रूळ बनवायला. देश रुळांनी जोडला आणि ते रूळ इथे बनले, मांडवापेक्षा हे मोठं वाटतं मला. अर्थात फुकटात नाही, १८९२ ला कार्नेगीच्याच होमस्टेडच्या कारखान्यात संपकऱ्यांवर कंपनीने पिंकर्टन या खाजगी सुरक्षा एजन्सीची भाडोत्री माणसं आणली, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं मेली.

फिलीकर_काका:
मान्य. पण आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ ला डॉक्टर झाल्या त्या फिलाडेल्फियातच हां, बायकांच्या मेडिकल कॉलेजात 😌

भटकी_मांजर:
ब्रॅडॉक घरापासून जवळच आहे, आत बघायला सोडतात का?

लोखंडे_पिट्स:
कारखाना अजून चालू आहे रे, पर्यटन नाही. नदीपलीकडे केनीवुड पार्कात जा, तिथून दिसतो.