डोळ्यांतून पाणी येतंय, म्हणजे डोळे कोरडे?

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं, नावांऐवजी फ्लॅट नंबर.)

बी-४०२: एक विचारायचं होतं. सासूबाईंच्या डोळ्यांतून आठ दिवस झाले सारखं पाणी येतंय, पदराने पुसत बसतात, थोडे लाल पण दिसतायत. डॉक्टरांकडे शनिवारीच नेता येईल. तोवर मेडिकलमधून कुठला ड्रॉप आणू?

सी-१०१: गुलाबपाणी घाला वहिनी. आमच्याकडे कायम तेच. डोळे थंड होतात.

ए-३०४: काका नका हो, प्लीज. गुलाबपाणी, मध काहीच डोळ्यात नको, ते निर्जंतुक नसतं, इन्फेक्शन झालं तर केवढ्याला पडेल. आणि वहिनी, मेडिकलवाल्याला "लाल डोळ्याचा ड्रॉप द्या" असं तर अजिबात म्हणू नका. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, दोन दिवस बरं वाटतं म्हणून लोक घालत राहतात आणि आत डोळ्याचं प्रेशर वाढत जातं, काचबिंदू होऊ शकतो आणि कळत पण नाही.

बी-४०२: बापरे. मग काय असेल? पाणी येतंय म्हणजे कोरडे तर नसणार ना?

ए-३०४: मलाही हेच वाटायचं! दोन वर्षांपूर्वी माझं अगदी असंच झालं होतं, दुपारी चारनंतर लॅपटॉपसमोर बसलं की वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि स्कूटरवर वारा लागला की घळाघळा पाणी. डॉक्टर म्हणाल्या डोळे कोरडे आहेत, मी बघतच राहिले. मग त्यांनी समजावलं की अश्रू म्हणजे नुसतं पाणी नाही, बुबुळाला चिकटून राहायला खाली चिकट थर लागतो, मध्ये पाणी आणि वरून तेलाचा पातळ थर, म्हणजे पाणी उडून जात नाही. तो थर बिघडला की डोळा सुकतो, चुरचुरतो, आणि चुरचुरला की मेंदू घाईघाईने पाणी सोडतो. पण ते पाणी टिकत नाही, गालावर ओघळून जातं.

त्यांनी खालच्या पापणीत एक कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं ठेवली, माझी १२ मिलिमीटर भिजली, म्हणजे पाणी बऱ्यापैकी होतं. मग रंग घालून निळ्या लाइटमध्ये बघितलं, डोळा उघडा ठेवून अश्रूंचा थर फाटेपर्यंतचे सेकंद मोजले, १० च्या वर हवेत, माझा थर चौथ्या सेकंदालाच फाटला. शेवटी पापणीची कड हलकेच दाबली तर तेलाऐवजी टूथपेस्टसारखं घट्ट पांढरं बाहेर आलं, आरशात स्वतः बघितलं मी. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथींची रांग असते, ती तुंबली होती.

डी-२०३: ताई मग औषध काय दिलं? मला पण लेन्स लावली की संध्याकाळी असंच होतं

ए-३०४: मुख्य औषध म्हणजे शेक. स्वच्छ रुमाल गरम पाण्यात पिळून बंद डोळ्यांवर १० मिनिटं, पोळेल इतका गरम नाही, आणि मिनिटभरात गार होतो म्हणून बाजूला पातेलं ठेवून परत परत बुडवायचा, इथेच सगळे कंटाळतात. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर हलक्या हाताने चोळायची. सोबत कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोजचा, म्हणजे कृत्रिम अश्रूंचा साधा ड्रॉप दिवसातून चारदा. त्याहून जास्त वेळा लागला तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला घ्यायचा, नाहीतर ते प्रिझर्व्हेटिव्हच डोळ्याला लागतं. मला फरक पडायला दीड महिना गेला, त्यामुळे आठ दिवसांत सोडून देऊ नका. आणि तुझं लेन्सचं आहे तर तपासून घे, आत्ता काही दिवस चष्माच वापर. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या मिटायचंच विसरतो, मध्ये मध्ये मुद्दाम पूर्ण मिटत जा.

सी-१०१: आमच्या हिचे डोळे पण चुरचुरतात. तोंडही कोरडं पडतं, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी गिळवत नाही. संधिवात आहेच.

ए-३०४: काका हे तीनही एकत्र डॉक्टरांना सांगाच. डोळे आणि तोंड दोन्ही कोरडं आणि वर संधिवात, यात शोग्रेन नावाचा आजार असू शकतो, रक्ताच्या तपासण्या करतात. नुसत्या ड्रॉपवर काढू नका, काकूंना याच आठवड्यात घेऊन जा.

सी-१०१: बरं. उद्याच फोन करतो.

ए-३०४: आणि वहिनी, आईंना डोळ्यात दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अंधुक दिसत असेल तर शनिवारची वाट बघू नका, आजच न्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का हल्ली? सर्दी, अ‍ॅलर्जीची गोळी चालू आहे का? त्यानेही डोळे सुकतात. आणि झोपताना पंखा थेट तोंडावर येतो का बघा.

बी-४०२: ऑपरेशन नाही झालेलं. दुखत नाही म्हणतात, दिसतंय पण नीट. पण गोळ्यांचा डबा आत्ता उघडून बघितला, खाज येते म्हणून दिलेली अ‍ॅलर्जीची गोळी महिनाभर रोज रात्री घेतायत!! आणि पलंग बरोब्बर पंख्याखाली आहे. हे घरी आले की आज पलंग सरकवतो.

ए-३०४: गोळी मनाने बंद करू नका हं, ज्यांनी दिली त्यांना फोन करून विचारा. ती स्ट्रिप शनिवारी सोबत घेऊन जा.