गावच्या फलकावर ‘माजी सैनिक’ म्हणून कुणाकुणाचं नाव कोरायचं?

करवीरचा हवालदार विचारतोय:

नमस्कार मंडळी. येत्या २६ जानेवारीला आमच्या गावात चावडीसमोर काळ्या ग्रॅनाइटचा फलक बसतोय. वर ‘आमच्या गावचे माजी सैनिक’, खाली नावं. यादीचं काम ग्रामसभेनं माझ्याकडं दिलंय, कारण मी बटालियनमध्ये क्लार्क होतो, सतरा वर्षं. जवानाच्या आयुष्यातली एकूण एक गोष्ट आम्ही पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे पलटणीच्या अधिकृत नोंदीला, लावायचो. रजेवर गेला, लग्न झालं, पोरगी झाली, जखमी झाला, वारला. एक नोंद राहिली तर वीस वर्षांनी कुणातरी बाईची फॅमिली पेन्शन अडते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळं नाव गाळायची वेळ आली की माझा हात अडखळतो.

अडतीस नावांवर वाद नाही. बाकीच्यांवर आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त माझ्या जिव्हारी लागलंय ते बापूंचं.

बापू टेरिटोरियलवाले. साखर कारखान्यात फिटर आणि कोल्हापुरातल्या टेंबलाईच्या १०९ बटालियनचे जवान. टेरिटोरियल आर्मी म्हणजे काय हे आमच्या भागातसुद्धा पुष्कळांना नीट माहीत नाही. माणूस आपला कामधंदा सांभाळतो, वर्षातून दोन महिने ट्रेनिंगला जातो आणि सरकारनं बटालियन एम्बॉडी केली, म्हणजे पूर्ण वेळ सेवेवर बोलावली, की वर्दी चढवून थेट नेमणुकीच्या जागी. बापू असे दोन वेळा काश्मीरला गेले. दुसऱ्या वेळी त्यांच्या थोरल्या पोरीचं लग्न ठरलेलं होतं, अक्षता टाकायला चुलते उभे राहिले.

गेल्या रविवारी मी त्यांच्या सोप्यात बसून कागद बघितले. काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगानं नंबर आणि नाव, कडेला गंज. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे आदेश तारीखवार लावलेले. मी वहीत बेरीज मांडली. नाव पटावर सतरा वर्षं, पण एम्बॉडीड सेवा भरली ९ वर्षं ४ महिने. जवानाला टेरिटोरियलमध्ये पेन्शन मिळायला एम्बॉडीड सेवाच १५ वर्षं लागते. म्हणून पेन्शन नाही. पेन्शन नाही म्हणून माजी सैनिकाचं ओळखपत्र नाही, आणि ते नाही म्हणून २०२० पासून राज्यात माजी सैनिकांना मिळणारी घरपट्टी माफीही नाही. त्याबद्दल बापूंची कधी तक्रार नव्हती. पण फलकाच्या बैठकीत एकजण सगळ्यांदेखत म्हणाला, “वर्षातनं दोन महिने जाणारा माणूस कसला सैनिक?” बापू तिथंच बसले होते. टोपी सारखी केली, चहा अर्धा ठेवला आणि घरी गेले. तेव्हापासून बैठकीला आलेले नाहीत.

दुसरे आमचे अण्णा, सीमा सुरक्षा दलात बावीस वर्षं, बहुतेक राजस्थानच्या सीमेवर. त्यांच्याबद्दल म्हणतात ते गृहखात्याचं दल, मिलिट्री नव्हे.

तिसरा एक पोरगा. २०११ ला बेळगावला मराठा सेंटरमध्ये भरती झाला, पाचव्या महिन्यात ट्रेनिंग करताना पडला, मणक्याला मार. मिलिट्री हॉस्पिटलमध्ये बरेच महिने काढून बोर्ड आउट, म्हणजे मेडिकल बोर्डानं अपात्र ठरवून घरी. ट्रेनिंग संपल्यावरची कसम परेड झालेली नाही. त्याची आई रोज विचारते, “नाव घातलं काय?” स्पष्ट सांगतो, मला स्वतःला हे नाव पटत नाही. झेंड्यासमोर कसम खाल्ली की जवान, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकलो. पाच महिन्यांचा पोरगा बापूंच्या ओळीत कसा बसवायचा?

आणि एका अग्निवीराचे वडील म्हणतात, आमच्या पोरासाठी जागा ठेवा.

तुमच्या गावात काय केलंय? जाणकारांनी नियमही सांगावेत.

निवृत्त सुभेदार, गडहिंग्लज:

रामराम हवालदारसाहेब. नियम आधी सांगतो, मत नंतर.

केंद्राची माजी सैनिकाची व्याख्या १९७९ च्या पुनर्नियुक्ती नियमांत आहे आणि ती वेळोवेळी बदललीय. १ जुलै १९८७ पासून सुटलेल्यांना मुख्य अट पेन्शनची. भूदल, नौदल, वायुदल यांत कोणत्याही रँकवर, लढणारा असो वा न लढणारा. म्हणजे तुम्ही क्लार्क, कोणी कूक, कोणी न्हावी, सगळे त्यात. ठरलेल्या मुदतीचा करार पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन सुटलेलाही त्यात येतो, मात्र स्वतःहून मधेच सोडून आलेला नाही. टेरिटोरियलवाल्यांसाठी वेगळं कलम आहे: एम्बॉडीड सेवेची पेन्शन, नाहीतर सेवेमुळं आलेलं अपंगत्व, नाहीतर शौर्यपदक. बापू यातल्या एकातही बसत नाहीत.

आता त्या पोराचं. तुम्ही त्याचे कागद स्वतः बघितलेत का? ट्रेनिंगमध्ये मेडिकल बोर्डानं घरी पाठवलेल्या रिक्रूटला अपंगत्व पेन्शन मंजूर झाली असेल तर तो नियमानं माजी सैनिक आहे. कसम परेड झालेली असो वा नसो. त्याच्याकडं पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, असेल तर तुमच्या-माझ्या मताचा प्रश्नच येत नाही.

माझं मत कडक आहे, राग मानू नका. ‘माजी सैनिक’ या दोन शब्दांवर नोकरीतल्या राखीव जागा आणि पोरांच्या शिष्यवृत्त्या अवलंबून आहेत. ते शब्द सैल केले की एखाद्या वीरपत्नीच्या पोराची जागा जाते. तुम्ही फलकाचं शीर्षक बदला. ‘आमच्या गावचे फौजी’ लिहा आणि बापूंना पहिल्या ओळीत घ्या.

शिरोळची सून:

दादा, मी सैनिक टाकळीच्या जवळची. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं हा वाद लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. माझे मालक बीएसएफचे, चोवीस वर्षं. ते दल १ डिसेंबर १९६५ ला उभं राहिलं, त्याच वर्षीच्या लढाईनंतर.

मालक सुट्टीवर यायचे तेव्हा शेजारच्या मराठा रेजिमेंटवाल्या भावजींच्या कँटीनच्या पिशव्या यायच्या, आमच्याकडं नाही. तेव्हा मला फार वाटायचं. २०१२ च्या नोव्हेंबरात सरकारनं केंद्रीय सशस्त्र पोलीस दलातून निवृत्त झालेल्यांना ‘माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस दल कर्मचारी’ असं नाव दिलं. मी म्हटलं, चला, काहीतरी झालं. मालक म्हणाले, “नाव लांब आहे पण आमचं आहे.”

तुमची पोस्ट काल रात्री त्यांना वाचून दाखवली. त्यांचं म्हणणं असं की अण्णांना विचारा, परस्पर ठरवू नका. मालक स्वतः म्हणतात, “मला उपकार म्हणून सैनिकांच्या ओळीत बसवू नका. सीमा सुरक्षा दल असं पूर्ण लिहा, बटालियन लिहा, वर्षं लिहा. वाळूत बावीस बावीस तास काढलेत ते त्या नावानं काढलेत.” तेवढं मोठ्या अक्षरात लिहा, एवढंच.

कागलकर:

सुभेदारसाहेबांना मान देऊनच लिहितोय. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत होते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्याच मोहिमेत. १९४६ ला सैन्य कमी केलं आणि त्यांना घरी पाठवलं, पेन्शन नाही. १९४५ मध्ये भारतीय सैन्य पंचवीस लाखांच्या आसपास होतं, त्यातले लाखो असेच परत आले. पुढं राज्य सरकारनं महायुद्धातल्या अशा पेन्शन नसलेल्यांना मदत सुरू केली, आजी शेवटपर्यंत घेत होती.

त्यांच्या डिस्चार्ज बुकात सहीच्या जागी डाव्या अंगठ्याचा ठसा आहे. बरं-वाईट शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत एक शब्द: ‘एक्झेम्प्लरी’. आजोबांना वाचता येत नव्हतं. माझे वडील तिसरी-चौथीत असताना शाळेतल्या मास्तरांकडून अर्थ विचारून आले आणि आजोबांना सांगितला. आदर्श. त्या दिवशी आजोबांनी घरात गूळ वाटला होता म्हणे.

पेन्शन हेच माप धरलं तर आजोबाही फलकावरून जातात. पेन्शन किती वर्षांनी द्यायची हे त्या त्या वेळच्या सरकारच्या तिजोरीवर ठरलं. माणसानं काय दिलं ते त्यात मोजलेलं नाही.

भुदरगडचा:

माझा धाकटा भाऊ अग्निवीर आहे, पहिल्या तुकडीतला. चार वर्षं, त्यात सहा महिने ट्रेनिंग. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस कायम होणार, बाकीचे सेवानिधीचे, म्हणजे सेवा संपताना एकरकमी मिळणारे, ११.७१ लाख घेऊन घरी. ती रक्कम ग्रॅच्युइटी नाही, पेन्शन नाही, त्यामुळं योजनेतच माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्यानं कसम परेड केलीय. आई-बाबा गेले होते, आईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवलेला फोटो आमच्या सोप्यात लावलाय. तो आज ज्या चौकीवर उभा आहे तिथं शेजारी उभा असलेला जवान पुढं माजी सैनिक होणार, आणि हा नाही. एवढं सांगायचं होतं. काका, जागा ठेवा.

करवीरचा हवालदार (प्रश्नकर्ता):

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण फिरत होतो.

सुभेदारसाहेब, तुम्ही विचारलंत कागद बघितलेत का. नव्हते बघितले. पार्ट टू ऑर्डर लिहिणारा माणूस मी, आणि कागद न बघता मत देऊन बसलो, याचं मला वाईट वाटतंय. पोराच्या घरी गेलो. किराणा दुकानात कमरेला पट्टा बांधून बसतो, वाकून खालचं पोतं उचलता येत नाही म्हणून बाप मागं उभा असतो. त्याच्या आईनं देव्हाऱ्यामागून फाइल काढली. पीपीओ आहे. अपंगत्व पेन्शन, सेवेमुळं आलेलं अपंगत्व, सगळं व्यवस्थित. म्हणजे गेली कित्येक वर्षं तो कायद्यानं माजी सैनिक आहे आणि गावात त्याला ‘ट्रेनिंगमधनं पळून आलेला’ म्हणतात. हे मी पहिल्यांदाच ऐकलं, त्याच्या आईकडून. तिला फलक हवाय तो एवढ्यासाठी. त्याचं नाव पक्कं. २६ तारखेला नावं मी वाचणार आहे, तेव्हा ‘सेवेत जखमी’ असं मोठ्यानं वाचणार आहे.

अण्णांना विचारलं. शिरोळच्या ताई, तुमच्या मालकांनी जे सांगितलं अगदी तेच त्यांनी सांगितलं, जवळपास त्याच शब्दांत. ‘सीमा सुरक्षा दल’ असा वेगळा रकाना, अक्षर त्याच आकाराचं, त्याच उंचीवर. त्यात आमच्या गावचे आणखी दोघं निघाले, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

शीर्षक मात्र मी बदलत नाही. सुभेदारसाहेब, तुमचं म्हणणं मला समजतंय. राखीव जागा आणि शिष्यवृत्त्या ओळखपत्रावर मिळतात, ते सरकार देतं आणि त्यातलं एक अक्षर मी हलवू शकत नाही, हलवू पण नये. पण बापूंना त्या बैठकीत जो शब्द नाकारला तो ‘फौजी’ नव्हता, ‘सैनिक’ होता. तोच शब्द त्यांच्या नावावर पाहिजे. एम्बॉडीड नऊ वर्षं चार महिने ते आर्मी ॲक्टखाली होते, हुकूम मोडला असता तर कोर्ट मार्शल झालं असतं. शिक्षा द्यायला सैनिक आणि नाव कोरायला नाही, हे मला मान्य नाही. ग्रामसभेत हे असंच बोललो. त्या दिवशी बोललेला माणूस गप्प बसला, नंतर बापूंच्या घरी जाऊन आला असं कळलं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

प्रत्येक नावापुढं पलटण आणि वर्षं येणार. बापूंच्या पुढं ‘१०९ प्रादेशिक सेना, मराठा’. नंबर लिहायचा का म्हणून त्यांना विचारायला गेलो तर ट्रंकेकडं न बघता एका दमात सांगितला. मी ट्रंकेवरचा नंबर ताडून बघितला. बरोबर होता, पण शेवटचा आकडा गंजानं अर्धा गेलाय.

भुदरगडच्या भावा, खाली चार ओळींची जागा मोकळी सोडतोय. सरपंच म्हणाले मोकळा दगड वाईट दिसेल. दिसू दे. कागलकर, तुमच्यामुळं आणखी एक झालं. आमच्या गावातून महायुद्धाला किती गेले याची चौकशी आता सुरू केलीय, एका घरातून इटलीचं पदक निघालंय, नातवंडं त्याला खेळणं समजत होती.

ओळी वाढल्यामुळं अक्षर बारीक होणार आणि आमचा दगडवाला म्हणतो जोडाक्षरं भरतील. कोल्हापुरात किंवा इचलकरंजीकडं बारीक देवनागरी स्वच्छ कोरणारा कारागीर कुणाच्या माहितीत असेल तर कळवा. १० जानेवारीपर्यंत मजकूर द्यायचाय.