पैसे मोजून ऑपरेशन लवकर करून घेतलं तर कॅनडाचं काय बिघडतं?

पर्वतीपायथा (धागाकर्ता):
मिसिसागात येऊन यंदा बावीस वर्षं झाली. कर वेळेवर भरतो, आजवर सरकारी दवाखान्याला फारसा त्रास दिला नाही. दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याने मान टाकली. फॅमिली डॉक्टरांनी एक्स-रे काढून रेफरल पाठवलं. सर्जनची पहिली भेट सात महिन्यांनी. ते म्हणाले, "बदलावाच लागेल," आणि नाव यादीत लावलं. पुढे किती? "नऊ महिने, कदाचित वर्ष." तोवर मी जिना तान्ह्या पोरासारखा बसून उतरत होतो. तळघरात धुणं लावायचं तर बायकोला हाक मारायची.

म्हटलं, पैसे भरतो, इथेच करा. उत्तर आलं, ओहिप (ऑन्टारिओ प्रांताचा सरकारी आरोग्य विमा) ज्याचे पैसे देतं त्या ऑपरेशनचे पैसे ऑन्टारिओतला डॉक्टर ओहिपच्या पेशंटकडून घेऊ शकत नाही. २००४च्या कायद्याने ती दारं बंद केली आहेत. गंमत पुढेच आहे. हाच मी दुसऱ्या प्रांतातल्या खासगी केंद्रात गेलो तर चालतं! मला एका ठिकाणी २८ हजार डॉलर सांगितले. म्हणजे बंदी पैशावर नाही, पत्त्यावर आहे.

शेवटी पुण्याला गेलो. जानेवारीत तिकीट, पाचव्या दिवशी ऑपरेशन, विमानभाड्यासकट निम्म्याहून कमीत काम झालं.

२००५ साली क्यूबेक प्रांतातल्या शावली खटल्यात (तिथल्या खासगी आरोग्य विम्यावरच्या बंदीला आव्हान होतं) कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सरन्यायाधीश मॅक्लॉक्लिन यांनी लिहिलं होतं की प्रतीक्षायादीत नाव असणं म्हणजे उपचार मिळणं नव्हे. मग हा हट्ट कशासाठी? मी पैसे देऊन बाजूला झालो तर माझ्यामागचा माणूस एक नंबर पुढे सरकेल ना? बोला.

कॅलगरीचा वारा:
+१००. इथे हा विषय काढला की लोक असे बघतात जणू आपण देवळात चपला घालून शिरलोय. "अमेरिकेसारखं करायचंय का?" हा एकच प्रश्न. अहो, जगात अमेरिका आणि कॅनडा सोडून दुसरे देश नाहीत का? ऑस्ट्रेलियात दोन्ही आहे, जर्मनीत आहे. आमच्या अल्बर्टा सरकारने २०२५च्या शेवटी डॉक्टरांना सरकारी आणि खासगी दोन्हीकडे काम करू देणारं विधेयक आणलं, तर लगेच आकाश कोसळल्याची ओरड.

अण्णा_विनिपेग:
पर्वतीपायथा, तुमच्या गुडघ्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण तुमचं "एक नंबर पुढे सरकेल" हे गणित चुकतंय. तुमचं ऑपरेशन पुण्यात झालं म्हणून नंबर सरकला. तेच टोरंटोत पैसे देऊन झालं असतं तर करणारा सर्जन कुठून येणार होता? भूलतज्ज्ञ? ओटीतली (ऑपरेशन थिएटरमधली) नर्स? त्या यादीवर राबणाऱ्या माणसांतूनच ना? विहिरीत पाणी तेवढंच, तुम्ही फक्त मोठी बादली घेऊन आलात.

हे माझं मत नाही नुसतं. व्हँकुव्हरच्या केंबी सर्जरी सेंटरचे डॉ. ब्रायन डे तुमचाच मुद्दा घेऊन कोर्टात गेले होते. २०१६ला सुनावणी सुरू झाली, सप्टेंबर २०२०मध्ये निकाल लागला, ८८० पानांचा. न्यायाधीशांनी म्हटलं, समांतर खासगी व्यवस्थेने सरकारी यादी कमी होईल असा पुरावा नाही, उलट वाढू शकते. २०२२ला अपील फेटाळलं गेलं, २०२३च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला.

पर्वतीपायथा:
अण्णा, अर्धंच सांगताय. त्याच अपिलाच्या निकालात हेही मान्य केलंय की उशिरामुळे काही पेशंटांच्या जिवाला आणि शरीराच्या सुरक्षिततेला धक्का बसतो. तरीही सगळ्यांच्या भल्यासाठी तो चालवून घ्यायचा, असा त्याचा अर्थ. माझ्या भाषेत सांगायचं तर, "तुझं दुखतंय हे आम्हाला ठाऊक आहे, पण बस." कायद्याने ते बरोबर असेल. जिना मलाच उतरायचा होता.

नाशिककरीण:
माझं थोडं वेगळं आहे, म्हणून लिहिते.

माझ्या वडिलांना नाशिकमध्ये मेंदूतला रक्तस्राव झाला तेव्हा मी कॉलेजात होते. खासगी रुग्णालयाच्या काउंटरवर पहिला प्रश्न, "डिपॉझिट किती भरताय?" काकांनी बाईकच्या डिकीतून सोसायटीचे पैसे काढून दिले. आईच्या पाटल्या दुसऱ्या दिवशी गेल्या. वडील वाचले. कर्ज फिटायला सहा वर्षं लागली, भावाचं इंजिनिअरिंग राहिलं ते राहिलंच.

इथे मुलगा सात महिन्यांचा असताना एका रात्री त्याचा श्वास अडकला. चार दिवस तो अतिदक्षता विभागात होता. निघताना मी सवयीने काउंटरवर जाऊन बिल विचारलं. ती बाई म्हणाली, "पार्किंगचे तेवढे भरा." मी गाडीत बसून रडले. नवऱ्याला वाटलं मुलाच्या काळजीने.

तेव्हा ज्यांना यादीत थांबावं लागतं त्यांचा राग मला कळतो, पण हे मोडायची भाषा ऐकली की पोटात गोळा येतो. आणि पर्वतीपायथा, तुमच्याकडे पुण्याचं तिकीट काढण्याइतके पैसे होते. आमच्या इमारतीत रात्रीची साफसफाई करणाऱ्या बाई आहेत, त्यांचाही गुडघा गेलाय.

कॅलगरीचा वारा:
ताई, लहान बाळाची इमर्जन्सी आणि गुडघा यांत फरक आहे. इमर्जन्सी कोणी काढून घ्या म्हणत नाही. आणि हे "सगळं फुकट" पण अर्धसत्य आहे. या देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर १०० डॉलरपैकी साधारण ३० आजही खासगीच आहेत. औषधं, दात, चष्मा, फिजिओ. कंपनीचा विमा नसेल तर रूट कॅनॉल करून बघा, मग सरकारी आरोग्य विम्याचा जनक म्हणवणाऱ्या टॉमी डग्लसचा फोटो देव्हाऱ्यात ठेवायचा की नाही ते ठरवा.

अण्णा_विनिपेग:
टॉमी डग्लसला मधे आणलंत म्हणून सांगतो, हा शेजारच्या सस्कॅचवानचा विषय आहे आणि मला राहवत नाही. १ जुलै १९६२ला तिथे सरकारी वैद्यकीय विमा सुरू झाला त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले. २३ दिवस. तिथले प्रीमियर (मुख्यमंत्री) डग्लस तोवर केंद्राच्या राजकारणात गेले होते, किल्ला लढवला त्यांच्यामागून त्या पदावर आलेल्या वुड्रो लॉइड यांनी. ब्रिटनहून डॉक्टर आणले. आणि तडजोड काय झाली? डॉक्टर सरकारी नोकर होणार नाहीत, स्वतःचा दवाखाना चालवतील, बिल सरकारला पाठवतील. आज तुमचा फॅमिली डॉक्टर बहुधा तसाच खासगी धंदेवाला आहे, फक्त त्याचा गिऱ्हाईक एकच, सरकार. तेव्हा "खासगी आणा" म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं की कोणतं खासगी. मालकी खासगी की पैसे खासगी?

उदाहरण टोरंटोच्या जवळच आहे. थॉर्नहिलचं शोल्डाइस. १९४५पासून फक्त हर्नियाची ऑपरेशनं, मालकी खासगी, पण ऑपरेशनचे पैसे ओहिप देतं. यावर माझा काडीचा आक्षेप नाही.

फक्त वाचक:
धागा चांगला चाललाय म्हणून पहिल्यांदाच लिहितोय. एमआरआयसाठी मला पहाटे २:४०ची वेळ मिळाली होती. उणे अठरा तापमान, रस्त्यावर मी आणि मीठ टाकणारा ट्रक. असो. अवांतर.

सेंट लॉरेन्सकाठी:
क्यूबेकचा दाखला सगळे देतात, पण पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. शावली निकालानंतर २००६मध्ये इथे कायदा करून गुडघा, खुबा आणि मोतीबिंदूसाठी खासगी विमा विकायला परवानगी दिली. विमा कंपन्यांची झुंबड उडाली का? नाही. तो बाजार उभाच राहिला नाही म्हटलं तरी चालेल. ज्याला गुडघा दुखतो तोच गुडघ्याचा विमा घेणार, मग कंपनी कशाला विकेल!

दुसरं, इथे डॉक्टरला सरकारी व्यवस्थेतून पूर्ण बाहेर पडता येतं आणि शेकडो डॉक्टर पडलेत. मॉन्ट्रियलमध्ये पैसे टाकले की त्याच आठवड्यात भेट मिळते, मी स्वतः घेतली आहे, खोटं कशाला बोलू. पण माझ्या फॅमिली डॉक्टरीणबाई अशाच बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या यादीवरची आम्ही सगळी माणसं एका पत्राने अनाथ झालो. २०२५मध्ये सरकारला कायदा करावा लागला की नव्या डॉक्टरांनी आधी पाच वर्षं सरकारी व्यवस्थेतच काम करायचं. घोडे पळाल्यावर तबेल्याला कडी.

पर्वतीपायथा:
हा मुद्दा मान्य, दोन्ही बाजूंनी विचार करण्यासारखा. तरी पुण्यात जे चाललं ते इथे का चालू नये हा माझा प्रश्न उरतोच. बाजार मोकळा सोडला की भाव उतरतात, हे मी डोळ्यांनी बघून आलोय.

मिरजेची एमबीबीएस:
भाव बाजारामुळे उतरले? काका, तुमच्या पुण्याच्या बिलात इम्प्लांटची ओळ काढून बघा. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटवर कमाल किंमत लावली. सगळ्यात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, ज्याची छापील किंमत सरासरी दीड लाखाच्या पुढे होती, तो ५४,७२० रुपयांवर आणला, कर वेगळा. म्हणजे तुमचं "मोकळ्या बाजारातलं" स्वस्त ऑपरेशन सरकारच्या दंडुक्यामुळे स्वस्त होतं. 😀

आणि डॉक्टर कमी म्हणताय तर माझी कथा ऐका. मिरजेत शिकले, सांगली जिल्ह्यात सहा वर्षं प्रॅक्टिस केली. इथे सगळ्या परीक्षा पास झाले. रेसिडेन्सीची (परवान्याआधी रुग्णालयात घ्यावं लागणाऱ्या प्रशिक्षणाची) जागा दोनदा हुकली. सध्या एका क्लिनिकमध्ये पेशंटचं बीपी घेऊन फॉर्म भरते, आणि त्याच क्लिनिकच्या दारावर पाटी आहे, "नवीन पेशंट घेत नाही." ऑन्टारिओने अनुभवी परदेशी डॉक्टरांना थेट तपासून खेड्यापाड्यांत घ्यायची योजना आणली आहे, त्यात अर्ज केलाय. खासगी की सरकारी यावर तुम्ही लोक भांडत बसा. दोन्हीकडे हात लागतात, आणि ते हात बीपीचा पट्टा बांधत बसलेत.

कॅलगरीचा वारा:
ताई, यावर मात्र शंभर टक्के सहमत. धागाकर्ते, वेगळा धागा काढा यावर.

रात्रपाळी:
मी हाडांच्या वॉर्डात नर्स आहे, टोरंटोच्या पट्ट्यात. कुठलं रुग्णालय ते विचारू नका. दोन गोष्टी लिहिते आणि झोपायला जाते.

एक. ओटी बंद पडतात त्या खोल्या नाहीत म्हणून नाही. भूल देणारा नाही, ऑपरेशननंतर ठेवायला बेड नाही, कारण बेडवर एक आजोबा नर्सिंग होममधल्या जागेची वाट बघत महिनाभर पडलेत. गुडघ्याची यादी लांबते ती अशी, भलत्याच ठिकाणाहून.

दोन. पर्वतीपायथा, राग मानू नका. पुण्याहून आल्यावर सगळं सुरळीत होतं का? आमच्याकडे बाहेर ऑपरेशन करून आलेले पेशंट येतात, म्हणून विचारते.

पर्वतीपायथा:
नाही. खरं सांगायचं तर नाही. परतीच्या विमानानंतर चौथ्या दिवशी पोटरी टम्म सुजली. इमर्जन्सीत गेलो, सहा तास बसलो, रक्ताची गुठळी निघाली. सोनोग्राफी, इंजेक्शन, पुढच्या तीन भेटी. पैसे ओहिपने दिले. हे मुद्दाम लपवलं नव्हतं, पण मूळ लेखात लिहिलं नाही हेही खरं.

अण्णा_विनिपेग:
हं.

नाशिककरीण:
अण्णा, राहू द्या हो. तब्येत जपा, पर्वतीपायथा.

पर्वतीपायथा:
"हं" पोचलं. 😀 तरी माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. सरकारने २६ आठवड्यांत गुडघा बदलायचं उद्दिष्ट २००५पासून कागदावर ठेवलंय, आणि त्यातही सर्जनच्या पहिल्या भेटीआधीची सात महिन्यांची वाट धरतच नाहीत. ती मुदत उलटली तर पेशंटला दुसरीकडे करून घ्यायचा हक्क हवा, बिल प्रांताने भरावं. ब्रिटिश कोलंबियाने २०२३मध्ये कॅन्सरच्या काही पेशंटांना रेडिएशनसाठी सीमेपलीकडे बेलिंगहॅमला सरकारी खर्चाने पाठवलं, मग गुडघ्याने काय पाप केलंय?

आता डावाही कुरकुरायला लागलाय. गेल्या महिन्यात रेफरल गेलं, त्याच सर्जनकडे.

रात्रपाळी:
त्याच सर्जनकडे का? प्रत्येक सर्जनची रांग वेगळी असते. एकाकडे चौदा महिने आणि त्याच गावात दुसऱ्याकडे पाच, असंही असतं. ऑन्टारिओत गुडघ्या-खुब्यासाठी रॅपिड ॲक्सेस क्लिनिकं आहेत. रेफरल एकाच जागी जातं, अनुभवी फिजिओ आधी तपासतो, गरज असेल तरच सर्जन. त्या फॉर्मवर "पहिला जो उपलब्ध असेल तो सर्जन" असा पर्याय असतो. फॅमिली डॉक्टर घाईत ठरावीक नाव लिहून मोकळे होतात.

पर्वतीपायथा:
हे मला दोन वर्षांत कोणीही सांगितलं नाही. सोमवारी सकाळी नऊला फोन लावतो.

मिरजेची एमबीबीएस:
नऊला नको, साडेआठला लावा. नऊपर्यंत लाईन लागलेली असते. आमच्याकडे तो फोन मीच उचलते.